तबकडीमागचा माणूस : फ्रेडी मर्क्युरी

पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेला एक मुलगा पुढे जगातल्या सर्वांत गाजलेल्या रॉक गायकांपैकी एक झाला, ही गोष्ट आपल्या भागात आता बहुतेकांना ठाऊक आहे. मात्र ह्या माणसाविषयी आपल्याकडे दोनच प्रकारांनी बोलले जाते, असा माझा अनुभव आहे. एक तर तो आपला होता, असे छाती फुगवून. नाही तर तो कसा गेला, हे आवाज खाली आणून. दोन्ही बोलण्यांत त्याची गाणी कुठेच नसतात. वास्तविक फ्रेडी मर्क्युरी जगाला माहीत झाला तो गाण्यांमुळे, आणि 'क्वीन' ह्या चौघांच्या बँडने काढलेल्या तबकड्यांमुळे. त्या तबकड्या कशा तयार झाल्या, त्यांच्यामागे किती मजुरी होती आणि ती कोणाकोणाची होती, हे पाहिल्याशिवाय त्याच्या आयुष्याविषयी बोलू नये असे मला वाटते.

त्याचे खरे नाव फारोख बुलसारा. जन्म ५ सप्टेंबर १९४६ रोजी आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळच्या झांजिबार बेटावर, पारशी कुटुंबात. बुलसारा हे आडनाव गुजरातमधल्या बलसाडवरून, म्हणजे आजच्या वलसाडवरून आलेले. वडील बोमी हे ब्रिटिश सरकारच्या नोकरीत रोखपाल होते. आईचे नाव जेर. कश्मिरा ही त्याची धाकटी बहीण. मुलाला चांगले इंग्रजी शिक्षण मिळावे म्हणून आठव्या-नवव्या वर्षीच त्याला हिंदुस्थानात पाठवण्यात आले. वाईहून पसरणीचा घाट चढून पाचगणीला पोचणे आज आपल्याला किरकोळ वाटते. त्या मुलाच्या मागे मात्र अख्खा समुद्र होता, आणि आईवडिलांची भेट वर्षावर्षाने होणार होती. सुट्टीत तो मुंबईला नातलगांकडे जात असे.

पाचगणीत त्याला दोन गोष्टी मिळाल्या: फ्रेडी हे नाव आणि पियानो. त्याचा कान तयार आहे हे शाळेच्या ध्यानात आले, रीतसर शिकवणी सुरू झाली आणि तो पियानोच्या चौथ्या परीक्षेपर्यंत पोचला. रेडिओवर ऐकलेली चाल तो लगेच वाजवून दाखवी, असे त्याचे सोबती सांगत आले आहेत. बाराव्या वर्षाच्या सुमारास पाच मुलांनी मिळून 'द हेक्टिक्स' नावाचा बँड काढला आणि शाळेच्या समारंभांत क्लिफ रिचर्ड, लिटल रिचर्ड यांची गाणी वाजवायला सुरुवात केली. वाचकांना गंमत वाटेल, पण ह्या बँडचा मुख्य गायक फ्रेडी नव्हता. गात होता दुसराच मुलगा. फ्रेडी पियानोवर होता. त्या पाचांपैकी एक जण पुढे नेपाळच्या सैन्यात मोठ्या हुद्द्यावर गेला, एक इंग्लंडमध्ये नट झाला, तर एकाने पुण्यात हॉटेल काढले.

त्याच्या वरच्या जबड्यात चार दात जास्तीचे होते. त्यामुळे पुढचे दात बाहेर येत, मुले चिडवत. पुढे हवे तेवढे पैसे हाती आल्यावरही त्याने ते दात काढून घेतले नाहीत. आवाज बिघडेल ही त्याला भीती होती. शेवटपर्यंत हसताना तो हात तोंडावर नेई.

१९६३ साली तो झांजिबारला परतला आणि जानेवारी १९६४ मध्ये तिथे क्रांती झाली. सुलतानाची सत्ता उलथली, अरब आणि हिंदी वस्तीवर हल्ले झाले. बुलसारा कुटुंब चीजवस्तू मागे टाकून इंग्लंडला निघून गेले व लंडनजवळ फेल्टम येथे राहू लागले. म्हणजे सतरा वर्षांच्या मुलाचे आतापर्यंत तीन देश झाले होते. पुढे तो ह्या दिवसांविषयी जवळजवळ बोललाच नाही. त्याने मूळ लपवले असा आरोप त्याच्यावर होतो. मला तो पटत नाही. घर जळताना पाहिलेल्या माणसाने दर वेळी पाहुण्यांपुढे त्याची राख उपसून दाखवलीच पाहिजे, असे थोडेच आहे! त्याच्या गाण्यांत भारतीय राग शोधणारे लोकही मी वाचले आहेत. मला ती ओढाताण वाटते. १९७८ च्या 'जॅझ' अल्बममध्ये 'मुस्तफा' नावाचे एक गाणे आहे, त्यात अरबी वळणाचे शब्द आणि तशी आळवणी आहे. पूर्वेची खूण म्हणून ते दाखवता येईल. पाचगणीवर त्याने गाणे केले नाही आणि त्याच्या हयातीत 'क्वीन'चा कार्यक्रम भारतात कधी झाला नाही.

लंडनमध्ये तो ईलिंगच्या कलामहाविद्यालयात दाखल झाला आणि १९६९ मध्ये आरेखनाची पदविका घेऊन बाहेर पडला. विमानतळावर सामान उचलण्याचे काम केले, केन्सिंग्टनच्या बाजारात जुने कपडे विकले. कपड्यांच्या ह्या दुकानात त्याचा भागीदार होता रॉजर टेलर. हा रॉजर मूळचा दंतवैद्यकाचा विद्यार्थी, ते सोडून जीवशास्त्राकडे वळलेला, आणि 'स्माइल' नावाच्या बँडमध्ये ड्रम वाजवणारा. त्याच बँडमधला गिटारवादक ब्रायन मे हा इंपीरियल कॉलेजात भौतिकशास्त्र व खगोलशास्त्राचा अभ्यास करत होता. मेची गिटार ही एक स्वतंत्र कथाच आहे. विकत घ्यायला पैसे नव्हते म्हणून बापलेकांनी ती घरी बनवली. लाकूड एका जुन्या शेकोटीच्या चौकटीचे, स्प्रिंगा मोटारसायकलच्या, खुणेचे ठिपके आईच्या शिवणाच्या डब्यातल्या मोत्याच्या बटणांचे. ती तो सहा पेन्सच्या नाण्याने छेडतो. 'क्वीन'च्या सगळ्या गाजलेल्या तबकड्यांवर जो गिटारचा आवाज ऐकू येतो, तो बव्हंशी ह्या घरगुती वाद्याचा आहे.

'स्माइल'चा गायक १९७० मध्ये सोडून गेला आणि त्या जागी फ्रेडी आला. बँडला 'क्वीन' हे नाव त्याने दिले, स्वतःला मर्क्युरी हे आडनाव त्यानेच घेतले. चौघांच्या राशींची चित्रे जुळवून बँडची मुद्राही त्यानेच रेखाटली: दोन सिंह, एक खेकडा, दोन पऱ्या आणि सगळ्यांवर पंख पसरलेला फीनिक्स. ईलिंगची पदविका वाया गेली नाही म्हणायचे. १९७१ मध्ये जॉन डीकन हा इलेक्ट्रॉनिक्सचा विद्यार्थी बेस गिटारवर आला आणि चौकडी पुरी झाली. हे चौघे पुढची वीस वर्षे, म्हणजे फ्रेडीच्या मृत्यूपर्यंत, एकदाही बदलले नाहीत. रॉक बँडच्या जगात ही दुर्मिळ गोष्ट आहे.

सुरुवातीचे त्यांचे संगीत ज्याला हार्ड रॉक म्हणतात त्या जातीचे होते: विजेच्या गिटारचा गडगडाट, ड्रमचा मारा आणि वर तार सप्तकात चढणारा आवाज. पहिला अल्बम १९७३ मध्ये आला. लंडनच्या ट्रायडेंट स्टुडिओत दुसऱ्या कोणाचे काम नसेल अशा रिकाम्या वेळी, बहुधा रात्री-अपरात्री, तो ध्वनिमुद्रित झाला होता. फारसा चालला नाही. १९७४ च्या मार्चमध्ये दुसरा आला, त्यातले 'सेव्हन सीज ऑफ ऱ्हाय' खपाच्या यादीत दहाव्या क्रमांकापर्यंत गेले. आपल्याकडे बिनाका गीतमालेत पायदान असे, तशीच ब्रिटनमध्ये दर आठवड्याची यादी असते आणि सगळा धंदा तिच्याकडे डोळे लावून बसलेला असतो. त्याच वर्षीच्या अखेरीस 'शिअर हार्ट अटॅक' हा तिसरा अल्बम आणि त्यातले फ्रेडीचे 'किलर क्वीन' हे गाणे आले. हे गाणे दुसऱ्या क्रमांकावर पोचले. त्यात आरडाओरडा नाही. नाटकगृहात शोभेल असे नखरेल, नेटके गाणे आहे ते. इथून पुढे फ्रेडीची वाट बाकीच्या हार्ड रॉकवाल्यांपासून वेगळी झाली.

पण पैसा कुठे होता? करारच असा होता की बँडच्या पदरी तुटपुंजा पगार पडे. नुकतेच लग्न झालेल्या डीकनला घराच्या पहिल्या हप्त्यासाठी आगाऊ रक्कम मिळेना. ड्रमच्या काठ्या मोडतात, जरा बेताने वाजव, असे टेलरला सुनावले गेल्याचे सांगतात. गाणी जगभर वाजत होती आणि वाजवणारे कर्जात होते. १९७५ मध्ये त्यांनी त्या करारातून स्वतःला सोडवून घेतले आणि त्याच वर्षी 'अ नाइट ॲट द ऑपेरा' हा अल्बम करायला घेतला. तोवर ब्रिटनमध्ये झालेल्या अल्बमांपैकी तो सर्वांत खर्चिक समजला गेला. पडला असता तर बहुधा बँडच संपला असता. ह्या अल्बमचे पहिलेच गाणे जुन्या व्यवस्थापनावर दातओठ खाऊन लिहिलेले आहे. संताप एवढा उघडा की ऐकताना आपणच अवघडतो.

त्याच अल्बममध्ये 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' आहे. ह्या गाण्यापाशी मी थोडा थांबणार आहे.

गाण्यात ध्रुपद नाही. आधी नुसत्या आवाजांची जुळणी, मग पियानोवरचे संथ विलापगीत, मग गिटार, मग एकदम ऑपेराचा धुमाकूळ, मग कडकडीत रॉक आणि शेवटी पुन्हा शांतता. एकूण ५ मिनिटे ५५ सेकंद. फ्रेडीच्या डोक्यात त्याचा आराखडा बराच आधीपासून होता. त्याच्या हस्ताक्षरातली ह्या गाण्याची पाने २०२३ मध्ये लंडनला लिलावात आली, तेव्हा एका विमान कंपनीच्या कोऱ्या कागदांवर केलेली खाडाखोड लोकांना पाहायला मिळाली. आधी त्याने 'मंगोलियन ऱ्हॅप्सडी' असे लिहिले होते आणि मग 'मंगोलियन' खोडून वर 'बोहेमियन' केले होते. हे गाणे म्हणजे एका रात्रीचा साक्षात्कार, अशी कल्पना असणाऱ्यांनी ती पाने जरूर पाहावीत.

ध्वनिमुद्रण १९७५ च्या ऑगस्टअखेरीस वेल्समधल्या रॉकफील्ड स्टुडिओत सुरू झाले आणि मग चार-पाच स्टुडिओंतून फिरत राहिले. नुसत्या ऑपेराच्या भागाला तीन आठवडे लागले, रोज दहा-बारा तास. गाणारे तिघेच: वरचे स्वर टेलरचे, मधले फ्रेडीचे, खालचे मेचे. पण ऐकताना गायकांचा अख्खा ताफा उभा आहे असे वाटते. त्याची युक्ती अशी. टेपवर चोवीस ट्रॅक असत. तिघांनी एक ओळ गायची, ती एका ट्रॅकवर उतरवायची. तीच ओळ पुन्हा गायची, दुसऱ्या ट्रॅकवर. ट्रॅक भरत आले की ते सगळे एकत्र करून एकाच ट्रॅकवर घ्यायचे, आणि मोकळ्या झालेल्या जागेवर पुन्हा गायला उभे राहायचे. असे करत करत सुमारे १८० थर चढले. टेप वाचणाऱ्या यंत्रावरून इतक्या वेळा गेली की झिजून आरपार दिसू लागली, असे बँडवाले सांगत. आज संगणकावर हे काम चुटकीसरशी होते. तेव्हा दर वेळी घशातून स्वर काढावा लागे आणि एक जण चुकला तर तिघांना पुन्हा गावे लागे. कुठल्या क्षणी कोणता स्वर कुठे बसायचा, हा हिशेब फ्रेडीच्या डोक्यात होता. निर्माता रॉय थॉमस बेकर हाही चिवट माणूस, नाही तर इतके कोणी सोसले असते!

एवढे लांब गाणे रेडिओ लावणार नाही, ते कापा, असा कंपनीचा आग्रह होता. बँडने नकार दिला. केनी एव्हरेट ह्या निवेदकाच्या हाती एक प्रत पडली आणि त्याने लंडनच्या कॅपिटल रेडिओवर दोन दिवसांत ते चौदा वेळा वाजवले. दुकानांत लोक मागायला येऊ लागले, तबकडी अजून बाजारात यायची होती. ३१ ऑक्टोबर १९७५ रोजी ती आली आणि ब्रिटनमध्ये सलग नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिली. दूरदर्शनच्या कार्यक्रमात दाखवण्यासाठी ब्रूस गोवर्स ह्या दिग्दर्शकाने काही तासांत एक चित्रफीत करून दिली. काळोखातून वर पाहणारे चार चेहरे, हे तिचे दृश्य पुढे गाण्याइतकेच ओळखीचे झाले. ह्या गाण्याला पहिल्या क्रमांकावरून खाली खेचले ते 'ॲबा'च्या 'मामा मिया'ने. हे दोन शब्द खुद्द 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'तही येतात! योगायोग म्हणायचा.

आता ह्या तबकडीची दुसरी बाजू, अगदी शब्दशः. एका बाजूला मुख्य गाणे, तर मागच्या बाजूला दुसरे एखादे गाणे असे. ह्या तबकडीच्या मागे टेलरचे, स्वतःच्या मोटारीवर प्रेम करणाऱ्या माणसाचे गाणे होते. तबकडी विकली गेली की दोन्ही बाजूंच्या गीतकारांना सारखेच मानधन मिळे. म्हणजे 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' जेवढी खपली तेवढेच पैसे मोटारीच्या गाण्यालाही मिळाले. ह्यावरून चौघांत वर्षानुवर्षे धुसफूस चालली. मागच्या बाजूला कोणाचे गाणे जायचे, हा त्यांच्या भांडणाचा कायमचा विषय झाला. ह्यात क्षुद्रपणा आहे, पण ह्याच स्पर्धेतून चौघेही गीतकार झाले, हे विसरता येत नाही. 'क्वीन'ची कीर्ती फ्रेडीच्या खात्यावर मांडणाऱ्यांनी पुढचा हिशेब पाहावा.

१९७७ च्या 'न्यूज ऑफ द वर्ल्ड' अल्बममधली 'वी विल रॉक यू' आणि 'वी आर द चॅम्पियन्स' ही दोन गाणी एकाच तबकडीवर आली. पहिले मेचे, दुसरे फ्रेडीचे. स्टॅफर्ड गावच्या एका कार्यक्रमानंतर प्रेक्षक आपण होऊन गात राहिले, तेव्हा त्यांनाच वाद्य करावे असे मेच्या मनात आले. पूर्वी चर्च असलेल्या एका स्टुडिओत जुन्या फळ्यांवर सगळ्यांनी पाय आपटले, टाळ्या वाजवल्या. मग भौतिकशास्त्राच्या ह्या विद्यार्थ्याने तो आवाज वेगवेगळ्या अंतरांवरून आल्यासारखा, थोडा थोडा उशिरा पुन्हा मिसळून, हजारोंच्या जमावाचा केला. गाण्यात अगदी शेवटपर्यंत दुसरे वाद्य नाही. दोन पाय, एक टाळी. आज जगातल्या कुठल्याही मैदानावर, खेळ कोणताही असो, ते ऐकू येते. तबकडी ब्रिटनमध्ये दुसऱ्या व अमेरिकेत चौथ्या क्रमांकावर गेली.

१९८० चा 'द गेम' हा त्यांचा अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलेला एकमेव अल्बम. त्यात फ्रेडीने म्युनिकच्या हॉटेलात आंघोळ करता करता रचलेले 'क्रेझी लिट्ल थिंग कॉल्ड लव्ह' आहे. ते अमेरिकेत पहिले आले. त्याच अल्बममधले 'अनदर वन बाइट्स द डस्ट' हेही पहिले आले, आणि ते आहे डीकनचे, म्हणजे चौघांतल्या सर्वांत अबोल माणसाचे. बेसच्या मोजक्या स्वरांवर उभे असलेले हे गाणे स्वतंत्र तबकडी म्हणून काढा असा सल्ला मायकेल जॅक्सनने दिला होता. पुढे १९८४ मध्ये 'रेडिओ गागा' टेलरने दिले आणि 'आय वाँट टू ब्रेक फ्री' पुन्हा डीकनने. चौघांपैकी प्रत्येकाच्या नावावर जगभर खपलेले गाणे आहे. दुसऱ्यांनी लिहिलेली गाणी लोक फ्रेडीचीच समजतात, ही मात्र गाणाऱ्याची करामत. त्याच्या आवाजाचा अभ्यास करून युरोपातील संशोधकांनी २०१६ मध्ये निष्कर्ष मांडला, की त्याचा बोलण्याचा आवाज खालच्या पट्टीचा, बॅरिटोन जातीचा होता आणि त्याच्या स्वराचे आंदोलन सामान्य गायकांपेक्षा जलद होते. म्हणजे तार सप्तकातली ती चढाई निसर्गाने फुकट दिलेली नव्हती.

१९८१ च्या ऑक्टोबरमध्ये तोवरच्या निवडक गाण्यांचा 'ग्रेटेस्ट हिट्स' हा संग्रह आला. ब्रिटनच्या इतिहासात सर्वाधिक खपलेला अल्बम तो हाच. २०१४ मध्ये त्याने तिथे ६० लाखांचा टप्पा ओलांडला, २०२२ मध्ये ७० लाखांचा. आणि एवढे असूनही फ्रेडीच्या हयातीत ब्रिटनच्या यादीत 'क्वीन'ची पहिल्या क्रमांकाची गाणी झाली ती फक्त तीन: 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी', डेव्हिड बोवीबरोबर केलेले 'अंडर प्रेशर' आणि १९९१ चे 'इन्युएंडो'. आठवड्याची यादी आणि वर्षांची आवड ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ह्यावरून दिसावे.

सगळेच चढते नव्हते. १९८२ चा 'हॉट स्पेस' नाचाच्या तालावर गेला आणि जुन्या चाहत्यांना रुचला नाही. 'आय वाँट टू ब्रेक फ्री'च्या चित्रफितीत चौघे बायकांच्या वेषात घरकाम करताना दिसतात. ब्रिटनमध्ये लोक हसले, अमेरिकेत मात्र अनेकांना ते खपले नाही आणि तिथला जम बसला तो विस्कटला. आपल्या नाटकाला बालगंधर्वांची परंपरा असल्याने आपल्याला ह्यात काय एवढे, असे वाटेल. ऑक्टोबर १९८४ मध्ये मात्र त्यांनी जे केले त्याचे समर्थन मला करता येत नाही. वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेवर संयुक्त राष्ट्रसंघाने पुकारलेला सांस्कृतिक बहिष्कार मोडून ते सन सिटी येथे गायला गेले. संगीतकारांच्या संघटनेने त्यांना दंड केला. आम्ही राजकारणात पडत नाही, अशी त्यांची भूमिका होती. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जन्मलेल्या आणि राजकारणाने देशोधडीला लागलेल्या माणसाला तरी हे उत्तर शोभत नव्हते.

ह्यानंतर बँड फुटणार अशी बोलवा होती. १३ जुलै १९८५ रोजी इथिओपियातील दुष्काळग्रस्तांसाठी 'लाइव्ह एड' हा कार्यक्रम झाला. लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर सुमारे ७२ हजार माणसे होती आणि उपग्रहाद्वारे जगभर प्रक्षेपण होते. प्रत्येकाला साधारण वीस मिनिटे. 'क्वीन'ने त्या वीस मिनिटांची कसून तालीम केली होती आणि नवे काही न गाता आपली खपलेली गाणीच एकामागून एक म्हटली. 'रेडिओ गागा'ला सगळ्या मैदानाचे हात एकाच क्षणी वर जातात. मधेच फ्रेडी नुसता आलाप घेतो आणि लोक तो परत करतात. आपल्या भजनात बुवा आणि टाळकरी असतात ना, तसेच. त्याला न्याहाळताना पाचगणीचा पियानोवादक मुलगा मला कुठेच दिसत नाही. दिसतो तो पंधरा वर्षे रोज रंगमंचावर घडलेला गायक. पुढच्या वर्षी २७ जुलैला बुडापेस्ट येथे, म्हणजे त्या वेळच्या साम्यवादी हंगेरीत, त्याने तिथले एक लोकगीत गायले. शब्द तळहातावर लिहून आणले होते आणि ते तो सर्वांसमोर पाहत होता. ९ ऑगस्ट १९८६ रोजी नेबवर्थ येथे लाखाहून अधिक लोकांपुढे झालेला कार्यक्रम हा चौघांचा एकत्र असा शेवटचा ठरला.

१९८७ मध्ये त्याला एड्सचे निदान झाले. २०१८ च्या चित्रपटात ते 'लाइव्ह एड'च्या आधी झाल्याचे दाखवले आहे. पडद्यावर ते परिणामकारक वाटते, पण खरे नाही. खऱ्या आयुष्यात निदानानंतर जे घडले ते चित्रपटात नाहीच. त्या काळी ह्या रोगावर जीव वाचवणारे औषध नव्हते आणि रोग्याकडे लोक कसे पाहत हे सांगायला नको. तो समलिंगी होता हे जवळच्यांना माहीत होते. तरुणपणी मेरी ऑस्टिन ह्या मैत्रिणीबरोबर त्याने काही वर्षे संसार केला होता, ती मैत्री शेवटपर्यंत टिकली आणि घरही त्याने तिच्याच नावे केले. अखेरच्या वर्षांत जिम हटन हा त्याचा जोडीदार होता. आजाराविषयी त्याने लोकांना काही सांगितले नाही. वृत्तपत्रांचे छायाचित्रकार दारात ठाण मांडून होते. लवकर बोलला असता तर त्याच्यासारख्या अनेकांना धीर आला असता, असे म्हणणारे आहेत, आणि त्यांचे म्हणणे मला खोडून काढता येत नाही. पण ह्या चार वर्षांत तो गात होता, हेही त्याच्याच खात्यावर मांडले पाहिजे.

१९८८ मध्ये मोन्सेरात काबाये ह्या स्पॅनिश ऑपेरा गायिकेबरोबर 'बार्सेलोना' हा अल्बम झाला. १९८९ मध्ये 'द मिरॅकल' आला आणि त्यात प्रथमच सगळी गाणी चौघांच्या सामाईक नावाने छापली गेली. मोटारीच्या गाण्यापासून चाललेला तंटा असा मिटला. मग 'इन्युएंडो'. लंडन आणि स्वित्झर्लंडमधल्या माँत्रो येथे त्याचे काम चालले, फ्रेडीला बरे वाटेल त्या दिवशी. त्यातले शेवटचे 'द शो मस्ट गो ऑन' हे गाणे मुख्यतः मेचे आहे. ह्या प्रकृतीत एवढे उंच स्वर त्याला झेपतील का, अशी मेला शंका होती. फ्रेडीने व्होडकाचा एक घोट घेतला आणि गाणे म्हणून टाकले, असे मे सांगत आला आहे. रेकॉर्ड ऐकली तर आजारी माणूस गातो आहे असे कोणाला वाटणार नाही. मे १९९१ मध्ये 'दीज आर द डेज ऑफ अवर लाइव्ह्ज' ह्या गाण्याची चित्रफीत झाली. चेहरा ओळखू येऊ नये इतका उतरलेला, म्हणून ती कृष्णधवल ठेवली. कॅमेऱ्यासमोर तो पुन्हा आला नाही.

२३ नोव्हेंबर १९९१ रोजी त्याने आजाराची जाहीर कबुली दिली आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी केन्सिंग्टनमधल्या राहत्या घरी तो गेला. वय ४५. अंत्यविधी पारशी धर्मगुरूंनी प्रार्थना म्हणून केले आणि मग दहन झाले. त्या डिसेंबरात 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' पुन्हा बाजारात आली, पुन्हा पहिल्या क्रमांकावर पाच आठवडे राहिली. तिचे उत्पन्न एड्सग्रस्तांसाठी काम करणाऱ्या टेरेन्स हिगिन्स ट्रस्टला गेले. पुढच्या वर्षी २० एप्रिलला वेम्ब्लीवर स्मृतिसोहळा झाला आणि त्यातून त्याच्या नावाचा, ह्याच रोगाविरुद्ध लढणारा विश्वस्त निधी उभा राहिला. जन्मगावी झांजिबारला मात्र २००६ मध्ये त्याच्या साठाव्या जयंतीच्या कार्यक्रमाला तिथल्या धार्मिक संघटनेने विरोध केला. आवाज खाली आणून बोलणारे तिथेही आहेत.

चित्रफितीच्या सुमारास, मे १९९१ मध्ये, माँत्रोच्या स्टुडिओत 'मदर लव्ह' ह्या गाण्याचे काम चालू होते. मे ओळी लिहून देई आणि फ्रेडी लगेच म्हणे, कारण उद्याची खात्री नव्हती. शेवटच्या कडव्याआधी तो थकला. थोडी विश्रांती घेतो, परत येऊन पुरे करतो, असे सांगून तो गेला आणि परत आला नाही. उरलेल्या तिघांनी शिल्लक ध्वनिमुद्रणे जमवून १९९५ मध्ये 'मेड इन हेवन' हा अल्बम काढला. तोही ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला. त्यात 'मदर लव्ह' आहे. शेवटचे कडवे ब्रायन मेने स्वतःच्या आवाजात गायले आहे.